सूचनापेटीत आठ चिठ्ठ्या 'स्कीम वाढवा'च्या, मग नवीन काही येणार कुठून?

सांगलीहून एका एरिया मॅनेजरचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे, मुद्द्याचं तेवढं देतो.

"सर, मी एका मसाला कंपनीत आहे, सांगली-सातारा-कोल्हापूर माझ्याकडे. हाताखाली बावीस पोरं, सहा कंपनीच्या पगारावर, बाकीची डिस्ट्रिब्युटरची. जानेवारीत वरून सांगितलं की टीममधून नवीन कल्पना आल्या पाहिजेत. मी ऑफिसात सूचनापेटी ठेवली, बेस्ट आयडियाला ५००० रुपये जाहीर केले, हॉटेलात दिवसभराची मीटिंग घेतली जेवणासकट. तीन महिन्यांत अकरा चिठ्ठ्या. आठ जणांनी लिहिलंय स्कीम (दुकानदाराला मालावर मिळणारी सवलत) वाढवा नाहीतर मार्जिन वाढवा, दोन पेट्रोल भत्त्याच्या, एक कोरी. एका पोरानं तर न विचारता आपल्या बीटचे (ठरलेल्या दुकानांच्या फेरीचे) वारच बदलले, ॲपवर सगळं लाल दिसायला लागलं, आरएसएमनी (रीजनल सेल्स मॅनेजरनी) मला ऐकवलं आणि मी त्याला मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर झापलं. आता तोही गप्प. आमच्या सेल्समनकडे डोकंच नाही का, की मी कुठे चुकतोय?"

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या वार बदलणाऱ्या पोरापाशीच येऊन थांबलो. तुम्ही चिठ्ठ्या अकरा मोजल्या, माझ्या हिशेबाने बारा आल्या. बारावी ॲपवर लाल रंगात आली, आणि सगळ्यात कामाची तीच असावी असं मला वाटतंय.

त्याने वार का बदलले हे तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक विचारलंच नसणार. मी माझा अंदाज सांगतो, चुकला तर सोडून द्या. बीट प्लॅन बनतो हेड ऑफिसात, आउटलेटची यादी आणि नकाशा समोर ठेवून, सोमवारी ही गावं, मंगळवारी ती गावं, कमी पेट्रोलमध्ये जास्त दुकानं. पण तालुक्याच्या गावातल्या दुकानदाराचा आठवडा सोमवारी सुरू होत नाही, तो बाजाराच्या वारावर चालतो. कधी बाजाराच्या दिवशी सकाळी अकराला अशा दुकानात उभे राहून बघा. काउंटरला सात-आठ माणसं, कुणाला पाव किलो शेंगदाणे, कुणाला सुटं तेल, दुकानातलं पोरगं गल्ल्यात सुट्टे शोधतंय, मालक एका हाताने वजन करतायत आणि मान-खांद्याच्या मध्ये फोन धरलाय. त्यात आपला सेल्समन बॅग घेऊन कडेला उभा आणि म्हणतोय, काका नवीन पन्नास ग्रॅमचं पाऊच आलंय बघता का. काका मान वर न करता म्हणतात, पुढच्या आठवड्यात ये. झालं, ॲपवर कॉल पडला, लोकेशन बरोबर, टिपका हिरवा, ऑर्डर शून्य. आणि हेच काका बाजाराच्या दोन दिवस आधी दुपारी मोकळे असतात, चहा पाजतात, आणि बाजारासाठी माल तर त्यांना भरायचाच असतो, तो तुमचा भरतील नाहीतर त्या दिवशी आलेल्या दुसऱ्या कंपनीचा.

हे तुमच्या हेड ऑफिसात कुणाला दिसत नाही, तुम्हालाही मोटारीतून दिसणार नाही, त्या पोराला दिसलं कारण तो दर आठवड्याला तिथे उभा राहून रिकाम्या हाताने परत येतोय. त्याने एक रुपया न मागता त्यावर उपाय केला आणि त्याबद्दल एकवीस जणांसमोर बोलणी खाल्ली. मग त्या एकवीस जणांनी पेटीत काय टाकायचं ठरवलं असेल? स्कीम वाढवा लिहिणं सगळ्यात सेफ आहे, त्यात कुणी झापत नाही.

मला हे एवढं लागतं त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका चहा कंपनीत होतो, नाव नको, टपऱ्यांचं बीट माझ्याकडे. एक टपरीवाले मामा होते, स्टँडजवळ, दर पंधरा दिवसांनी तक्रार करायचे की तुमची पावडर बदलली, कधी कडक होते कधी पाणचट. बॅच तर एकच होती. मी एक दिवस सकाळी सहापासून तिथे बसून राहिलो. मामा असले की चहा एकदम बरोबर, मामा दूध आणायला गेले की पातेल्यापाशी बारा-तेरा वर्षांचा भाचा, आणि तो मुठीनं पावडर टाकायचा. त्याची मूठ लहान, मग पाणचट वाटलं की दुसरी मूठ, की झाला कडक. एवढंच होतं. मी साहेबांना लिहून दिलं की किलोच्या पॅकमध्ये प्लॅस्टिकचं एक माप टाकू या, मामांनी एकदा सांगितलं की एवढ्या दुधाला एवढी मापं की कुणीही टाको चव तीच, तक्रार बंद आणि माप आपल्या नावाचं, दुसऱ्याची पावडर घेताना हात अडखळेल. साहेबांनी कागद वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि विचारलं, या महिन्याचं क्लोजिंग (महिनाअखेरची विक्री) किती आहे. बास. पुढे कधी विषय निघाला नाही, हो पण नाही आणि नाही पण नाही. त्या कंपनीत मी अजून चार वर्षं काढली, एकही गोष्ट सुचवली नाही, आणि चार वर्षं टार्गेट मात्र नेमानं केलं. साहेबांच्या दृष्टीनं मी चांगला पण कल्पकता नसलेला सेल्समन होतो. तुमच्या बावीसमध्ये असे किती असतील याचा विचार करा.

आता तुमची पेटी. पेटी ऑफिसात आहे आणि पोरं ऑफिसात महिन्यातून एकदा येतात, तेही रिव्ह्यूला, पोटात गोळा घेऊन. शिवाय "आयडिया द्या" म्हटलं की माणसाला वाटतं काहीतरी मोठं, कधी कुणी न केलेलं सांगायचंय, आणि लिहून सांगायचंय, म्हणजे अर्धे तिथेच गळाले. आयडिया मागू नका. त्यांनी काय पाहिलं ते विचारा. या आठवड्यात कुठल्या दुकानात माल जायला हवा होता आणि गेला नाही, आणि दुकानदार नेमका काय म्हणाला, त्याच्याच शब्दात सांग. यावर एकही सेल्समन गप्प बसत नाही, माझा सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. आणि चिठ्ठी नको, व्हॉइस नोट मागवा, दुकानातून बाहेर पडल्या पडल्या बाइकवर बसण्याआधी एक मिनिटाची. पण त्यासाठी ग्रुप वेगळा करा, ज्या ग्रुपवर रोज संध्याकाळी कोण पहिला कोण शेवटचा अशी यादी पडते तिथे कुणी मनातलं बोलणार नाही.

विचारायची वेळपण बघा. पंचवीस तारखेनंतर माणूस फक्त आकडा बघतो, कुठल्या डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनला अजून चाळीस पेट्या कोंबता येतील एवढंच डोक्यात, तेव्हा त्याला नवीन काय सुचलं विचारणं म्हणजे लग्नघरात आचाऱ्याला पाककृती विचारण्यासारखं आहे. पाच ते बारा तारीख, माल लागलेला असतो, डोकं थोडं मोकळं असतं, तेव्हा विचारा.

त्या आठ चिठ्ठ्या फेकू नका हं. "स्कीम वाढवा" हे सेल्समनच्या भाषेतलं दुखतंय म्हणायचं एक नाव आहे, कुठे दुखतंय ते तुम्हाला शोधायला लागेल. आठही जणांना एकेकटं बसवून एकच विचारा, कुठल्या दुकानावरून हे सुचलं, त्या दुकानाचं नाव सांग. मी हे केलं होतं एकदा आणि चक्रावून गेलो होतो. एकाच्या दुकानदाराचा एक्सपायरी माल सात महिने परत घेतला नव्हता, तो रागाने म्हणायचा दुसरे जास्त स्कीम देतात. एकाला पेटीत कमी पाऊच निघाले होते आणि क्लेम (भरपाईची मागणी) अडकला होता. एकाकडे आपलं बिल डिस्ट्रिब्युटर वेळेवर देत नव्हता. खरंच मार्जिन कमी पडतंय असं दोघांचंच निघालं. म्हणजे तुमच्या आठ चिठ्ठ्यांत कदाचित पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टी दडल्यात, आणि त्यातल्या बऱ्याच तुमच्या एका फोनवर सुटतील. त्या आधी सोडवा. दोन पेट्रोलच्या चिठ्ठ्यापण. भत्ता वाढवणं तुमच्या हातात नसेल तर तसं स्पष्ट सांगा, वर कधी विचारलं आणि काय उत्तर आलं ते सांगा. ज्याचा पेट्रोलचा प्रश्न तीन महिने पेटीत पडून आहे तो तुम्हाला धंद्याची कल्पना कशाला देईल?

माझ्या मते या सगळ्यात सर्वात महत्त्वाचं काम उत्तर देण्याचं आहे. बक्षीस, पेटी, हॉटेल हे सगळं नंतर. प्रत्येक सूचनेला आठ दिवसांत उत्तर, करतोय, करत नाही आणि का करत नाही, किंवा वर पाठवलंय आणि अमुक तारखेला परत सांगतो. 'नाही' ऐकून माणूस गप्प होत नाही, कारण ऐकायला मिळालं की पुढच्या वेळी जास्त चांगलं सुचवतो, गप्प तो उत्तर न मिळाल्याने होतो. मला त्या साहेबांनी साधं एवढं म्हटलं असतं की मापाचा खर्च बसत नाही, तर मी बसेल असा दुसरा मार्ग शोधला असता.

तुम्ही म्हणाल सेल्समननी बघितलेल्या असल्या बारीकसारीक गोष्टींतून काय मोठं होणार. एशियन पेंट्सचा एक किस्सा आपल्याकडे सेल्सच्या लोकांत सांगितला जातो. १९४२ मध्ये मुंबईत चार मित्रांनी सुरू केलेली कंपनी, मोठ्या शहरातल्या बड्या डीलरकडे परदेशी कंपन्या बसलेल्या, म्हणून यांची माणसं लहान गावांकडे वळली. तिथे दिसलं की पोळ्याला शेतकरी बैलाची शिंगं रंगवतो, आणि त्याला रंग लागतो थोडासाच, मोठा डबा घेऊन तो काय करणार. मग छोटे डबे काढले. आता पोळा तर सगळ्यांनाच माहीत होता, शिंगं रंगवतात हेही माहीत होतं, पण रंग विकणाऱ्या माणसाने तो दुकानदाराच्या फळीवरून बघितला म्हणून त्याला डब्याचं माप चुकतंय हे कळलं. ऑफिसात बसून पोळा सुचत नाही.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, थ्रीएम कंपनीची, ही मला फार आवडते कारण त्यातल्या साहेबात मला तुम्ही दिसता आणि त्या पोरात तुमचं पोरगं. १९२० च्या दशकाची सुरुवात, तेव्हा कंपनीचा मुख्य धंदा सँडपेपरचा. रिचर्ड ड्रू नावाचा तरुण लॅब असिस्टंट सँडपेपरचे नमुने घेऊन गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजमध्ये जायचा. त्या काळात दोन रंगांच्या गाड्यांची फॅशन होती, एक रंग मारला की त्यावर कागद चिकटवून दुसरा मारायचा, आणि कागद काढताना खालचा रंग सोलून यायचा, रंगारी शिव्या घालायचे. ड्रूचं काम सँडपेपर पुरतं होतं, रंगाऱ्यांच्या शिव्यांशी त्याचा काही संबंध नव्हता. पण तो म्हणाला मी यावर काहीतरी करतो, आणि त्याच्या मागे लागला. वरिष्ठांनी, विल्यम मॅकनाइट नाव त्यांचं, मध्येच सांगितलंही की हे सोड आणि सँडपेपरकडे बघ. तो ऐकला नाही आणि त्यांनीपण त्याला काढलं नाही. १९२५ मध्ये मास्किंग टेप आली, आज आपल्याकडचा रंगारीपण ती मनगटात अडकवून फिरतो. पुढे याच कंपनीत कामाच्या वेळेतला पंधरा टक्के वेळ स्वतःला सुचलेल्या गोष्टीवर घालवायची मुभा दिली गेली, ती प्रसिद्ध आहे. मला त्यातलं महत्त्वाचं एवढंच वाटतं की ऐकलं नाही म्हणून ड्रूला चारचौघात कुणी लहान केलं नाही.

पंधरा टक्के वेळ तुम्ही देऊ शकत नाही हे मला माहीत आहे, तुमच्या हातात तेवढं नसतंच. पण दोन बीट तुमच्या हातात आहेत. आरएसएमना जाऊन मोठं प्रेझेंटेशन देऊ नका, एक कागद न्या. त्यावर लिहा की बावीसपैकी एका माणसाचे दोन बीट, सहा आठवडे, या दोन बीटवर भेटीचे वार बाजाराप्रमाणे ठरतील, तेवढ्यापुरतं ॲपवरचं लाल धरायचं नाही. कुणी साहेब याला नाही म्हणत नाही कारण फसलं तरी त्यांचा आकडा हलत नाही. आणि वरूनच जानेवारीत सांगितलंय ना नवीन काही करा म्हणून, मग आधार त्यांच्याच मेलचा घ्या.

सुरू करण्याआधी काय बघणार ते लिहून ठेवा, नंतर नाही. ऑर्डर निघालेल्या भेटी किती, एका बिलात आयटम किती, आणि सेकंडरी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरकडून दुकानात गेलेला माल, किती. प्रायमरीकडे अजिबात बघू नका, कंपनीकडून डिस्ट्रिब्युटरच्या गोडाऊनमध्ये गेलेला माल काहीच सिद्ध करत नाही, दुकानात पोचलेला बघा. आणि तुलना मागच्या महिन्याशी करू नका, तुमच्या धंद्यात तर नाहीच नाही. आत्ता एप्रिल चाललाय, घरोघरी वर्षाच्या चटणीची गडबड, कांडपाला रांगा, खड्या मसाल्याची मागणी निराळीच असते, मेपर्यंत हे चालणार आणि पुढे पेरणीत सगळं उलटं. त्यामुळे सारख्या आकाराच्या गावांचे दुसरे दोन बीट घ्या, तिथे जुनेच वार चालू ठेवा आणि त्याच सहा आठवड्यांचे आकडे शेजारी शेजारी ठेवा, सीझन दोन्हीकडे सारखाच असेल.

आणि त्या पोराचं टार्गेट. हे केलं नाहीत तर बाकी सगळं फुकट आहे. इन्सेंटिव्ह पूर्ण व्हॉल्यूमवर असेल तर कुठलाही शहाणा माणूस प्रयोग करणार नाही, त्याच्या घरी ईएमआय आहे, पोरांची फी आहे. त्या दोन बीटपुरतं त्याला आधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर इन्सेंटिव्ह धरून द्या, कमी झालं तरी त्याच्या खिशातून जाऊ नये. बक्षिसाचे ५००० तुमच्याकडे पडून आहेत, त्यातूनच हे भागेल बहुतेक. बक्षीस एकाला द्यायचं म्हटलं की पोरं आपापसात झाकून ठेवायला लागतात, ज्याला सुचलं आणि ज्याने करून दाखवलं ते दोघं वेगळे असले तर भांडण वेगळंच. त्यापेक्षा ज्याला सुचलं त्यालाच ते करायला द्या आणि वरच्या मीटिंगमध्ये त्यालाच सांगायला उभं करा, त्याच्या नावाने. तुमच्या तोंडून नको. मराठीत सांगू दे, चार्ट नसला तरी चालेल.

तो पोरगा तुमच्या सहांमधला आहे की डिस्ट्रिब्युटरचा, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि त्याने फरक पडतो. डिस्ट्रिब्युटरचा असेल तर त्याचा पगार शेठ देतात, आणि शेठच्या डोक्यात असतं की माझा माणूस, माझी गाडी, माझं डिझेल, वार बदलले की डिलिव्हरीची गाडी पण वेगळ्या दिवशी पाठवायला लागणार. शेठना न विचारता केलंत तर दुसऱ्या आठवड्यात बंद पडेल. त्यांच्याकडे जा, पण जायच्या आधी त्यांचा अडकलेला क्लेम किती आहे ते अकाउंट्समधून काढून त्यातला निदान जुना भाग सोडवून जा. क्लेम थकलेल्या शेठसमोर नवीन कल्पना मांडायला मी एकदा गेलो होतो, त्यांनी शांतपणे फाइल काढून माझ्यासमोर ठेवली होती. बरोबर होतं त्यांचं.

फसलं तर काय, हेही आधीच ठरवा. पोस्ट-इट चिठ्ठ्या माहीत असतील, पिवळ्या, त्याही थ्रीएमच्याच. १९७७ मध्ये त्यांनी चार शहरांत विकून बघितल्या, लोकांनी फारसा उत्साह दाखवला नाही. तिथे बंद झालं असतं. पण पुढच्या वर्षी आयडाहो राज्यातल्या बॉयसी गावात त्यांनी ऑफिसा-ऑफिसात जाऊन फुकट वाटल्या, आणि वापरल्यावर दहातल्या नवाहून जास्त लोक म्हणाले आम्ही विकत घेऊ. १९८० ला देशभर आल्या. माल तोच होता, हातात देण्याची रीत बदलली. हे माल बनवणाऱ्यापेक्षा माल विकणाऱ्यांचं यश आहे असं मी मानतो. म्हणून तुमचे सहा आठवडे फसले तर पोराला विचारा कल्पना चुकली की करण्यात काही राहिलं, उदाहरणार्थ वार बदलला पण गाडी जुन्याच वारी गेली, असं होतं बऱ्याचदा. आणि खरंच चुकली असेल तर मीटिंगमध्ये तसं सांगा, त्याच्या शेजारी उभे राहून, आणि त्याआधी तुमचं स्वतःचं एखादं फसलेलं सांगा. सूचनापेटीचंच सांगा.

आपण कसं ऐकतो यावर किती अवलंबून असतं त्याचा अजून एक प्रसंग, तुमच्याच धंद्यातला. साताऱ्याकडे मी एका मसाल्याच्या टीमला मदत करत होतो. एक बुजरा पोरगा, मीटिंगमध्ये कधी तोंड उघडायचा नाही. मी त्याच्याबरोबर दिवसभर बाइकवर फिरलो, काही शिकवलं नाही, नुसता मागे बसलो. दुपारी एका कांडपापाशी सावलीत थांबलो तर तो हळूच म्हणाला, सर इथे बायका दीड-दोन तास बसतात नंबर येईपर्यंत, आणि सगळ्या एकमेकींना एकच विचारतात, पाच किलो मिरचीला धने किती, खोबरं किती, लवंग किती. प्रत्येकीचं उत्तर वेगळं. मग तो म्हणाला, आपण प्रमाणाचं एक कार्ड इथे लावलं तर, खाली आपलं नाव आणि शेजारच्या दुकानाचं नाव, त्या उठून तिथेच जातील ना. मी बघत राहिलो त्याच्याकडे. ही गोष्ट तो दोन सीझन बघत होता. विचारलं, सांगितलं का नाहीस रे आधी. तर म्हणाला, कुणी विचारलंच नाही, मीटिंगमध्ये तर आकडाच विचारतात. कार्ड लावली आम्ही, प्रमाण कांडपवाल्या मावशींकडूनच घेतलं कारण त्या भागातल्या बायका त्यांचंच ऐकतात, आणि शेजारच्या दुकानदाराने स्वतःहून पुढच्या सीझनला किती कार्ड देणार म्हणून फोन केला.

तर तुम्हीपण महिन्यातले चार दिवस असे काढा, बाइकच्या मागे. मोटार नको, टॅब नको, ऑर्डर मध्ये पडून तुम्ही घेऊ नका, दुकानदाराला जास्त स्कीमचं वचन देऊन हिरो होऊ नका. मुकाट्यानं बघा. पहिल्या दिवशी पोरगं अवघडेल, सगळं पुस्तकाप्रमाणे करेल, दुसऱ्यांदा गेलात की बोलायला लागेल.

आणि सुरुवात त्याच पोरापासून करा, उद्याच. फोनवर नको, जाऊन भेटा, त्याच्या बीटवर, शक्य असेल तर बाजाराच्या दिवशी. सॉरीने सुरुवात करा, मी तुला कारण विचारायला हवं होतं ते विचारलं नाही, एवढं पुरे, लांबण लावू नका. मग विचारा वार का बदललेस, आणि तो बोलत असताना मध्ये बोलू नका, तो आधी "काही नाही सर, चुकलं" म्हणेल, तरी थांबा. त्याने खरं कारण सांगितलं की त्याला सांगा की हे तू पुढच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचंस, आणि त्या मीटिंगमध्ये तो उभा राहण्याआधी तुम्ही उभे राहा आणि मागच्या वेळी झापलं ते चुकलं हे त्याच एकवीस जणांसमोर म्हणा, कारण झापलं त्यांच्यासमोर होतं. आरएसएम हजर असतील तर अजून बरं. तुम्हाला जड जाईल, मला माहीत आहे, मलाही गेलं होतं एकदा. पण त्या दिवशी संध्याकाळी ग्रुपवर किती व्हॉइस नोट पडतात ते बघा, आणि पडल्या की मोजत बसण्याआधी प्रत्येकीला उत्तर द्या.